उन्हाळा मोजणी, सांगली : प्रकल्प नोंदी

२३ फेब्रुवारी : जागा

पारा ४० वर गेला की बातमी होते. पण सांगलीत माणूस खरा हैराण होतो तो मेच्या मध्यावर, वळवाच्या दोन सरी पडून गेल्यावर, पारा ३५-३६ वर असताना. हा फरक आकड्यांत पकडायचा तर नुसतं तापमान घेऊन भागत नाही, हवेतलं बाष्पही तितक्याच काटेकोरपणे मोजावं लागतं. या हंगामातलं सगळं काम त्यासाठीच.

केंद्रं चार. सांगलीवाडीला नदीकाठी उसाच्या कडेला, विश्रामबागला वस्तीत, तासगावला द्राक्षबागेजवळ, कवठे महांकाळला माळावर. सेन्सरची उंची सगळीकडे जमिनीपासून १.५ मीटर (मान्य मर्यादा १.२५ ते २ मीटर). खाली माती किंवा वाळलेलं गवत हवं. डांबर, फरशी, पत्र्याची भिंत, एसीचं बाहेरचं युनिट यांपासून निदान १० मीटर लांब.

विश्रामबागला अंगण मिळालं नाही, गच्चीच मिळाली. तिथे उंची गच्चीच्या फरशीपासून २ मीटर. फाइलच्या नावातच ‘गच्ची’ घातलं आहे. त्या केंद्राचं कमाल तापमान बाकीच्या तिघांशी ताडून पाहायचं नाही, दवबिंदू (हवा जितकी थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होतं ते तापमान) मात्र चालेल. का, ते १४ एप्रिलच्या नोंदीत.

सांगलीवाडीला उसाच्या सरीत सेन्सर लावायचा नाही. आतली हवा ही उसाची हवा, गावाची नव्हे. बांधापासून १५ मीटर बाहेर उघड्यावर खांब रोवला. पाण्याची पाळी कधी होती ते वहीत लिहायचं, नाहीतर त्या दिवशी चढलेल्या दवबिंदूचा अर्थ नंतर लागत नाही.

मोटारीच्या डॅशबोर्डवरचे ४६-४७ आणि मोबाइलवरचं तापमान या प्रकल्पात घ्यायचं नाही. पहिला सेन्सर बंपरमागे डांबराची धग खातो. दुसरा आकडा बहुतेक वेळा मॉडेलमधून काढलेला असतो, तिथे कोणी मोजलेला नसतो.

२ मार्च : बशांची शील्ड

शील्ड म्हणजे सेन्सरवर सावली धरणारं, वारा खेळतं ठेवणारं आवरण. दर केंद्राला कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिक बशा ८, व्यास १६ सेंमी. ६ मिमीचे आटे पाडलेले रॉड ३, प्रत्येकी ३० सेंमी. दोन बशांमध्ये १५ मिमीचे नळीचे तुकडे. वरच्या दोन बशा अखंड, खालच्या सहांना मधोमध ७ सेंमीचं भोक. सेन्सर चौथ्या-पाचव्या बशीच्या पातळीवर, कुठल्याही बशीला न टेकता.

बाजारातल्या बशा पातळ असतात. उन्हाकडे धरल्या तर पलीकडचा हात दिसतो, म्हणजे ऊन आरपार जातं आणि सेन्सर तापतो. उपाय साधा: आतून काळा मॅट रंग, बाहेरून पांढऱ्याचे दोन हात. काळा आतूनच. बाहेरच्या अंगाला काळा ओघळ राहिला तर तेवढाच भाग तापतो. रंग सुकून वास पूर्ण गेल्याशिवाय आर्द्रतेचा सेन्सर आत बसवायचा नाही, थिनरची वाफ त्याला बिघडवते.

९ मार्च : सेन्सर, वायरिंग

मुख्य सेन्सर एसएचटी३१. तापमानात ±०.२ अंश, आर्द्रतेत ±२ टक्के. डीएचटी२२ स्वस्त आहे, पण एकाच खोक्यातले दोन शेजारी ठेवले तरी पाच-पाच टक्क्यांचा फरक दाखवतात, आणि एका उन्हाळ्यात आणखी सरकतात. वेट बल्बसाठी (ओल्या कापडातला थर्मामीटर) आणि काळ्या गोळ्यासाठी (उन्हाची धग मोजायला, पाहा २१ मे) डीएस१८बी२० चे स्टीलच्या टोपीतले प्रोब, सोबत ४.७ किलोओहमचा रेझिस्टर.

डीएस१८बी२० कडून अधूनमधून बरोब्बर ८५.० अंश येतात. ते ऊन नव्हे. वीज मिळाल्यावर मोजणी पूर्ण होण्याआधीच वाचलं तर चिपमधला मूळ आकडा तसाच बाहेर पडतो. ७५० मिलिसेकंद थांबून वाचायचं, तरीही ८५.० आला तर ती ओळ गाळायची. रिकामी ओळ चालेल, खोटं कमाल तापमान चालणार नाही.

ईएसपी३२ (रीडिंग घेणारा छोटा संगणक-बोर्ड) आणि सेन्सर एका डबीत ठेवायचे नाहीत. मधली केबल १ मीटरच्या आत. नेटवर्क केबल वापरताना एसडीए आणि एससीएल या सेन्सरच्या दोन सिग्नल-तारा एका पिळात घेतल्या की रीडिंग अडकतं. एकीचा पिळा ग्राउंडशी, दुसरीचा व्होल्टेजशी.

डबी सील करायला आंबट वासाचा, व्हिनेगरसारखा, सिलिकॉन चालत नाही. त्यातून निघणारं अ‍ॅसिटिक आम्ल सेन्सरच्या आर्द्रता टिपणाऱ्या पापुद्र्यात शिरतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्यावा. बोर्डावर वॉर्निश मारताना सेन्सरच्या खिडकीवर आधी टेप.

वेळेसाठी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप. ईएसपी३२ चं झोपेतलं घड्याळ तापमानाबरोबर घसरतं, आणि ते दुपारीच घसरतं, जेव्हा वेळ नेमकी हवी असते. या घड्याळाच्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी जोडणी असते. साधा सीआर२०३२ घालायचा असेल तर ती आधी तोडावी, नाहीतर सेल फुगतो.

१६ मार्च : मिठाची परीक्षा

हवाबंद बरणी, तळाला बाटलीचं झाकण, त्यात मीठ आणि ओलं होण्यापुरते पाण्याचे थेंब. मीठ विरघळता कामा नये, चटणीइतकं दाट राहायला हवं. सेन्सर झाकणाच्या वर लटकता. बरणी थर्माकोलच्या खोक्यात, रात्रभर, किमान १२ तास.

साध्या मिठावर २५ अंशांना ७५.३ टक्के, ३० अंशांना ७५.१ टक्के यायला हवेत. दुसरा बिंदू मॅग्नेशियम क्लोराइडचा: २५ ला ३२.८, ३० ला ३२.४. आपल्याकडे हा दुसरा बिंदू जास्त महत्त्वाचा, कारण एप्रिलच्या दुपारी आर्द्रता १५ ते ३५ टक्क्यांतच फिरते. नुसत्या मिठावर पास झालेला सेन्सर कोरड्या टोकाला चार टक्के चुकू शकतो.

खोक्याशिवाय ही परीक्षा करू नये. बरणीच्या तळात आणि सेन्सरजवळ १ अंशाचा फरक पडला तरी आर्द्रता चारेक टक्क्यांनी हलते, आणि दोष सेन्सरवर येतो.

२३ मार्च : वेट बल्ब

सेन्सरवर विश्वास ठेवायचा तर त्याला दुसऱ्या पद्धतीचा साक्षीदार हवा. म्हणून सांगलीवाडी आणि तासगावला ओली-कोरडी जोडी.

प्रोबवर मलमलीचा एकेरी मोजा, दोऱ्याने घट्ट. कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलेलं, नाहीतर पाणी वर चढत नाही. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते (आम्ल नव्हे, बाटली वाचून घ्यावी). बोअरच्या पाण्याने चार दिवसांत मलमलीवर पांढरे क्षार धरतात, बाष्पीभवन मंदावतं आणि वेट बल्ब खऱ्यापेक्षा वर दिसतो. पाण्याच्या डबीपासून बल्बपर्यंत ३ ते ५ सेंमी वात उघडी. फार आखूड ठेवली तर डबीतलं गरम पाणी थेट बल्बवर येतं, फार लांब ठेवली तर एप्रिलच्या दुपारी वाटेतच सुकते.

वारा ३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त हवा. ओल्या-कोरड्यातल्या फरकावरून आर्द्रता काढायच्या सूत्रात या वेगाला गुणक ०.०००६६२ धरतात. पंखा नसलेल्या, नुसत्या पेटीतल्या वेट बल्बला ०.०००८ च्या आसपास. गुणकाने किती फरक पडतो पाहा: कोरडा ३८, ओला २४, सांगलीचा दाब ९५० हेक्टोपास्कल. पहिल्या गुणकाने आर्द्रता ३१.७ टक्के, दुसऱ्याने २८.९. तेच आकडे, तीच हवा.

दाब ९५० च का? सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे १०१० वगैरे समुद्रसपाटीला आणलेले असतात. ते सूत्रात घालायचे नाहीत.

३० मार्च

पंखा आलेला नाही. तोवर हाताने फिरवायचा गोफणी सायक्रोमीटर (ओला आणि कोरडा थर्मामीटर एका दांड्यावर). सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून, अंगापासून लांब. ओल्याचा आकडा उतरायचा थांबला की आधी तोच वाचायचा, कोरडा नंतर.

६ एप्रिल : पंखा

दुहेरी पांढरी पीव्हीसी नळी, बाहेरची ११० मिमी, आतली ७५ मिमी, तोंड खाली. वर संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा हवा ओढून घेणारा. सेन्सर आधी, पंखा नंतर. उलट लावला तर मोटरची ऊब सेन्सरवर येते.

८० मिमीचा पंखा कागदावर पुरेसा वाटतो, पण जाळी आणि नळीचं वळण त्याचा बराच जोर खातात. तोंडाशी अ‍ॅनेमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारा) धरून ३ दिसत नाहीत तोवर वेट बल्बचा आकडा धरायचा नाही. १२० मिमीचा पंखा, व्यास कमी करणारा जोड लावून, हे काम करतो.

विजेचा हिशेब: पंखा १.८ वॅटचा धरला तर दिवसाला ४३ वॅट-तास. १० वॅटचं पॅनेल पाच तासांच्या चांगल्या उन्हात कागदावर ५० देतं, हाती येतात ३५-४०. म्हणजे रोज थोडी तूट. २० वॅटचं पॅनेल आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी घ्यावी. रात्री पंखा सतत नको, रीडिंगच्या आधी पाच मिनिटं पुरतो.

नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. कुंभारीण माशी एका दुपारीत ओल्या मातीची कोठी बांधते, तीही नेमकी मलमलीजवळ, कारण तिथे ओल असते. पण जाळी दर रविवारी ब्रशने झाडायची. पाचट पेटवलेल्या फडाची काजळी त्यात बसली की वारा पडतो. तापमान तेव्हा ठीकच दिसतं, बिघडतो तो वेट बल्ब.

१४ एप्रिल : कोरडी दुपार

तिन्ही उघड्या केंद्रांवर दुपारी तीनच्या सुमाराला ४० च्या आसपास, आर्द्रता २० टक्क्यांजवळ. गच्चीवर त्याहून अडीच अंश जास्त. दवबिंदू मात्र चारही ठिकाणी अर्ध्या अंशाच्या आत. हे असंच यायला हवं, आणि नवख्याला सेन्सर तपासायला यापेक्षा सोपी युक्ती नाही.

समजा खरी हवा ३८ अंश, २५ टक्के. शील्ड तापली म्हणून सेन्सर ४०.५ दाखवतो. त्याच वेळी तो आर्द्रता २२ टक्के दाखवेल, कारण तापलेल्या जागी तेच बाष्प टक्क्यांत कमी भरतं. दोन्ही आकडे चुकीचे, पण दोन्हींतून दवबिंदू १४.६ च निघतो. म्हणून दोन केंद्रांचं तापमान वेगळं आणि दवबिंदू सारखा असेल तर शंका जागेवर आणि शील्डवर घ्यायची. दवबिंदूच वेगळा असेल तर आर्द्रतेचा सेन्सर, किंवा शेजारी दिलेलं पाणी.

याच कारणाने पहाटेचे ८० टक्के बघून ‘आज फार दमट’ असं लिहायचं नाही. पहाटे हवा थंड म्हणून टक्के जास्त, दुपारी तापली म्हणून कमी. बाष्प बहुतेक तेवढंच. वहीत टक्क्यांचा रकाना ठेवला आहे, पण तुलना दवबिंदूचीच.

संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की तासाभरात दवबिंदू काही अंश चढतो आणि तापमान उतरतं. तासगावात बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांना हा वारा ओळखीचा आहे. रात्री वाळवण थांबते ती याच वेळी.

‘४५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता’ असे संदेश फिरतात. त्याचा दवबिंदू ४० च्या वर जातो. सौदीतल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी नोंदलेला ३५ अंशांचा दवबिंदू जगातल्या सर्वांत मोठ्यांत गणला जातो. कमाल तापमान दुपारचं आणि आर्द्रता पहाटेची, असे दोन वेळांचे आकडे एकत्र केले की असली हवा तयार होते.

२० एप्रिल : लाट कशाला म्हणायची

हवामान खात्याचा निकष वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं, आणि त्या दिवसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट. ६.४ च्या वर तीव्र लाट. किंवा थेट ४५ ला लाट, ४७ ला तीव्र लाट. शिवाय उपविभागात (आपला मध्य महाराष्ट्र) किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं असावं लागतं, घोषणा दुसऱ्या दिवशी.

सांगलीचं एप्रिलअखेरचं नेहमीचं कमाल तापमानच ३८ च्या घरात असतं. म्हणजे ४१ ला अंग भाजलं तरी लाट नाही. आणि या मोजपट्टीत आर्द्रता कुठेच येत नाही. किनारपट्टीसाठी उष्ण-दमट हवेचा इशारा निघतो, तो वेगळा.

आपलं कमाल तापमान एका मिनिटाच्या उसळीवरून घ्यायचं नाही. छोटा सेन्सर गरम झुळकेला लगेच धावतो, पाऱ्याचा थर्मामीटर धावत नाही. पाच मिनिटांच्या सरासरीतलं सर्वांत मोठं ते कमाल.

२७ एप्रिल : डबा तापतो

कवठे महांकाळचा लॉगर (आकडे नोंदणारा डबा) दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा सुरू. लिथियम आयनचा १८६५० सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हातला बंद डबा सहज ५५ च्या पुढे जातो. डबा खांबाच्या उत्तरेला, पॅनेलच्या सावलीत, पॅनेलपासून १० सेंमी खाली हलवला. तळाला दोन भोकं, वर जाळीची टोपी. सेल बदलून लिथियम आयर्न फॉस्फेटचा, त्याला त्याचाच चार्जर. जुना चार्जर ४.२ व्होल्टचा असतो, तो यावर चालत नाही.

६ मे : सूर्य डोक्यावर

या आठवड्यात सांगलीत भरदुपारी सावली पायाखाली येते. शील्डच्या वरच्या दोन अखंड बशा हे ऊन झेलतात. त्रास खालून होतो. गच्चीची चुनखडी लावलेली पांढरी फरशी ऊन परत वर फेकते, आणि बशांची भोकं खालीच उघडी. सर्वांत खाली एक अखंड बशी, २ सेंमी अंतर ठेवून, वरचं अंग काळं. वारा पडलेल्या दुपारी गच्चीचा फरक अडीचवरून दीड अंशावर आला. पूर्ण जाणार नाही, गच्ची ती गच्चीच.

१३ मे : वळवानंतर

परवा संध्याकाळी वळीव. काल सकाळी कडक ऊन, जमीन ओली, वारा पडलेला. दुपारी ३५ अंश, ५० टक्के.

हीच ती हवा, ज्यासाठी हे सगळं उभं केलं. १४ एप्रिलशेजारी ठेवून (उष्मा निर्देशांक म्हणजे आर्द्रता धरून अंगाला जाणवणारं तापमान):

४० अंश, २० टक्के : दवबिंदू १२.८, वेट बल्ब २१.९, उष्मा निर्देशांक ३९.४.
३५ अंश, ५० टक्के : दवबिंदू २३.०, वेट बल्ब २६.१, उष्मा निर्देशांक ४०.७.

पारा पाच अंशांनी खाली, वेट बल्ब चार अंशांनी वर. एप्रिलमध्ये घाम येतो न येतो तोच उडतो, म्हणून अंग कोरडं वाटतं. मेमध्ये तो अंगावरच राहतो.

वेट बल्बचे हे आकडे दाब धरून काढले आहेत. स्टल यांचं २०११ चं सोपं सूत्र, जे बहुतेक कोडमध्ये तयार मिळतं, समुद्रसपाटीच्या दाबासाठी आहे. त्यातून अनुक्रमे २२.७ आणि २६.६ येतात. कोरड्या हवेत जवळजवळ एक अंशाची चूक, त्यामुळे एप्रिल आणि मेमधलं अंतर आहे त्यापेक्षा कमी दिसतं. कोडमध्ये दाब घालून चार-पाच फेऱ्यांत उत्तर काढणारं सूत्रच ठेवायचं.

कूलरचा हिशेबही यातूनच सुटतो. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमानातलं अंतर साधारण ८० टक्के कापतो. एप्रिलला ४० ची हवा २५.५ वर आली असती. काल ३५ ची २७.९ वर, तीही ओलीचिंब. खिडक्या बंद करून कूलर लावला तर खोलीतला वेट बल्ब उतरत नाही, फक्त टक्के चढतात. खिडकी समोरून उघडी ठेवावी, किंवा पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा.

२१ मे : काळा गोळा

आतापर्यंतचं सगळं सावलीचं. खुडणी-फवारणीवाला, ऊस लावणारा उन्हात असतो, त्याच्यासाठी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर), म्हणजे ओल, ऊन आणि हवा यांचा एकत्रित आकडा. उन्हातला हिशेब: नैसर्गिक वेट बल्बचे ०.७, काळ्या गोळ्याचे ०.२, सावलीतल्या हवेचे ०.१.

प्रमाणित गोळा तांब्याचा, १५० मिमी व्यासाचा. पाण्याच्या टाकीच्या फ्लोटचा तांब्याचा गोळा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सहा इंची असेल तोच घ्यावा, मॅट काळा रंगवावा, प्रोबचं टोक बरोबर मध्यावर. पिंगपाँगच्या चेंडूचाही करतात, पण लहान गोळ्याला वारा जास्त गार करतो, तो कमी दाखवतो, दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नये. मोठा गोळा स्थिर व्हायला वीसेक मिनिटं घेतो, तेवढा वेळ ढगाची सावली नको.

इथला वेट बल्ब म्हणजे नळीतला, पंख्याखालचा नव्हे. उघडा, उन्हात, आहे त्या वाऱ्यात. नळीतला घातला तर उत्तर कमी येतं, आणि चूक धोक्याच्या बाजूने होते.

उदाहरण: नैसर्गिक वेट बल्ब २६.५, गोळा ४८, हवा ३७. उत्तर ३१.९. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उन्हाची सवय असलेल्या माणसाला मध्यम कष्टाच्या सलग कामाला मर्यादा २८, जड कामाला २६. म्हणजे या हवेत सलग खुदाई नाही. काम सकाळी दहाच्या आत, नाहीतर सावलीतल्या विश्रांतीसह तुकड्यांत.

२९ मे

विश्रामबागला पत्र्याच्या खोलीत एक जोडी. घरातला हिशेब वेगळा: वेट बल्ब ०.७, गोळा ०.३. गोळा पत्र्यापासून हातभर खाली टांगला की रात्री नऊलाही हवेपेक्षा वर राहतो. वरून पांढरा चुना, आतून थर्माकोलचं छत, दोन्हीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे घ्यायचे.

किमान तापमानाचा रकाना वाढवला.

८ जून

ढग, हवा जड, दवबिंदू दिवसरात्र २२ च्या वर. सेन्सर सरीनंतर १०० टक्क्यांवर चिकटून राहतात. एसएचटी३१ चा आतला हीटर एक मिनिट चालू, नंतर दहा मिनिटांची रीडिंगं गाळायची.

पावसाळ्यात पंख्याची नळी काढून जाळी धुवायची, मलमल बदलायची. सर्व एसएचटी३१ पुन्हा मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइडवर. मार्चच्या आकड्यापेक्षा २ टक्क्यांहून जास्त सरकलेला सेन्सर पुढच्या हंगामात घरातल्या मोजणीला. सुधारणा केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवायची, मूळ नोंद खोडायची नाही.